वकीलपत्र

जुलै १९२३. परळ, पोयबावडी, इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची चाळ. तुम्ही दुसऱ्या मजल्यावर येता तेव्हा गिरणीचा भोंगा होऊन गेला आहे आणि जिन्यावर ओल्या पावलांचे ठसे आहेत. पन्नास नंबरच्या खोलीचे दार उघडे आहे. आत पुस्तकेच पुस्तके. फळीवर, ट्रंकेवर, जमिनीवर.

त्या पुस्तकांत बसलेल्या माणसाला तुम्ही ओळखता, पण या रूपात कधी पाहिलेले नाही. चौकातला पुतळा, हातातले संविधान, वर उचललेले बोट, हे सगळे अजून पुष्कळ लांब आहे. भीमराव आंबेडकर आज बत्तीस वर्षांचे आहेत. एप्रिलमध्ये लंडनहून परतले. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांनी पुन्हा लिहून मागितला आहे, तो लिहिणे चालू आहे. ग्रेज इनची बॅरिस्टरी पदरात आहे, पण हायकोर्टाच्या सनदेसाठी भरायला पैसे नव्हते. ते नवल भथेना या पारशी मित्राने दिले. खोलीत संसार आहे, खर्च आहे, आणि उद्यापासून मिळकत सुरू होईल अशी खात्री कोणीही देत नाही.

त्यांच्या मागोमाग खाली उतरा, फोर्टात या. हायकोर्टाच्या दगडी जिन्यांवरून वर जाताना तुम्हाला वाटेल, एवढा शिकलेला माणूस, याला कामाची काय वाण? बार रूमच्या दाराशी थोडा वेळ थांबा म्हणजे कळेल. मुंबईच्या ओरिजिनल साइडला बॅरिस्टर थेट पक्षकाराकडून काम घेत नाही. काम सॉलिसिटर आणून देतो. ब्रीफ कोणाच्या हातात ठेवायची हे सॉलिसिटरची पेढी ठरवते, आणि पेढी ओळखीपाळखी, जात, घराणे पाहते. महाराच्या मुलाच्या हातात ब्रीफ ठेवायला इथे कोणी धजावत नाही. राहिली अपील शाखा, आणि राहिली जिल्ह्याजिल्ह्याची कोर्टे. आंबेडकरांनी तीच वाट धरली. यात मला त्यांच्या सगळ्या पुढच्या वकिलीची किल्ली दिसते. मोठ्या पेढ्यांनी त्यांना जवळ केले असते तर ते उत्तम व्यापारी वकील झाले असते यात शंका नाही, पण ज्या माणसांचे खटले त्यांनी पुढे चालवले ती माणसे सॉलिसिटरच्या जिन्यापर्यंत कधीच पोचली नसती.

ती माणसे पाहायची तर परळच्या दामोदर हॉलला या. १९२४ मध्ये इथे बहिष्कृत हितकारिणी सभा सुरू झाली आणि साहेबांचे ऑफिसही इथेच आहे. बाकावर बसा. शेजारी एक गिरणी कामगार आहे, सदऱ्याला अजून कापसाचे तंतू चिकटलेले. त्याच्या पलीकडे गावाहून आलेले म्हातारे जोडपे, जमिनीच्या तुकड्यावरून तंटा. त्यांच्याकडे कागद म्हणजे धोतराच्या सोग्यात बांधलेली एक जुनी पावती, घामाने मऊ पडलेली. आत बोलावणे येते. पुढे वकीलपत्र सरकवले जाते. म्हाताऱ्याला सही येत नाही. कारकून त्याचा डावा अंगठा धरतो, शाईच्या गादीवर दाबतो, मग कागदावर. खाली लिहितो: निशाणी अंगठा. म्हातारा अंगठा धोतराला पुसायला जातो आणि मध्येच थांबतो. डाग पडेल म्हणून नव्हे, आपण काहीतरी मोठे केले असे त्याला वाटले आहे म्हणून. त्याने या कागदावर आपला शब्द दुसऱ्याच्या हवाली केला आहे. आता कोर्टात तो बोलणार नाही, त्याच्या वतीने दुसरा बोलणार. इतकी वर्षे त्याच्या वतीने पाटील, तलाठी, सावकार बोलत आले, त्याला न विचारता. आज त्याने स्वतः विचार करून माणूस नेमला. हा फरक लहान नाही.

पुढची दोन वर्षे भरभर उलटा. उत्पन्न तोकडे आहे, म्हणून १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवणे. कोर्ट, मग वर्ग, मग दामोदर हॉल, मग रात्री पुस्तके.

१९२६. पुणे, सेशन कोर्ट. गर्दी इतकी की तुम्हाला दाराशी टाचा उंचावून पाहावे लागते. दिनकरराव जवळकरांनी 'देशाचे दुश्मन' लिहिले, केशवराव जेध्यांनी छापून काढले, त्यात टिळक आणि चिपळूणकरांवर कडक टीका आहे. बदनामीचा खटला झाला, खालच्या कोर्टात शिक्षा झाली, आता अपील. ज्यांची बदनामी झाली म्हणतात ते दोघेही हयात नाहीत. मग दुखावले कोण? फिर्याद करायचा हक्क कोणाला? दंडविधानात मृताच्या बदनामीलाही जागा आहे, पण ती कुटुंबाच्या आणि जवळच्या नातेवाइकांच्या भावनेपुरती. बाहेर शहर ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादाने तापले आहे. आत आंबेडकर उभे आहेत, आणि जिथे बाहेर घोषणा आहेत तिथे आत कलमे आहेत. आरोपी सुटतात. ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनी आपला बचाव एका अस्पृश्य वकिलावर सोपवला आणि तो तरला. ही बातमी निकालाइतकीच गावोगाव जाते.

आता थोडे सावकाश चालू. २४ डिसेंबर १९२७, मुंबईचा धक्का, 'पद्मावती' बोट. तुम्ही दोनेकशे माणसांत दाटीवाटीने बसला आहात. भाकरी फडक्यात बांधलेल्या, अंगावर घोंगडी, मधूनच जयजयकार. नऊ महिन्यांपूर्वी, २० मार्चला, महाडच्या चवदार तळ्यावर हजारोंनी पाणी प्यायले. तळे सार्वजनिक. १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा रावबहादूर बोल्यांचा ठराव मुंबई कौन्सिलात झाला होता, १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला होता. तरी पाणी प्यायल्यावर मार खावा लागला, आणि तळे 'शुद्ध' करायला पंचगव्याच्या घागरी ओतल्या गेल्या. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच रद्द केला. म्हणून आता पुन्हा महाड. या खेपेला सत्याग्रह.

हरिहरेश्वरावरून दासगाव, तिथून पायी. सावित्रीच्या खाडीवर सकाळचे धुके आहे. तुमच्या पुढचा माणूस विचारतो, "तुरुंगात अंथरूण देतात का हो?" तो गंभीरपणे विचारतो आहे. तयारी करून आला आहे.

महाडात मंडप फत्तेखान नावाच्या गृहस्थांच्या जागेवर पडला आहे, कारण दुसऱ्या कोणी जागा दिली नाही. आणि कोर्टाचा कागद आधीच येऊन पडला आहे. १२ डिसेंबरला गावातल्या काही स्पृश्यांनी महाडच्या दिवाणी कोर्टात दावा लावला. तळे आमचे, अस्पृश्यांनी त्याला न शिवण्याची वहिवाट अनादि काळापासून, असे त्यांचे म्हणणे. प्रतिवादी क्रमांक एक, भीमराव रामजी आंबेडकर. १४ तारखेला तात्पुरता मनाई हुकूम निघाला.

पंचवीसच्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. ते तुम्ही पाहिलेत आणि ते तुमच्याबरोबर राहील. पण मी तुम्हाला इथे आणले ते सव्वीस आणि सत्तावीस या दोन दिवसांसाठी. सत्याग्रहासाठी नावे नोंदवणाऱ्यांची रांग मंडपाबाहेर वळसा घालून गेली आहे. हजारो नावे. निशाणी अंगठा, निशाणी अंगठा, निशाणी अंगठा. कलेक्टर येऊन सभेला सांगून गेला, हुकूम मोडू नका. सभेने त्याचे ऐकून घेतले आणि ऐकले नाही. एकामागून एक वक्ता उठतो: आता मागे जायचे नाही. तुम्हीही ओरडताय, घसा बसलाय.

आणि मंचावरच्या माणसाचे काय होत असेल पाहा. हाच माणूस या सगळ्यांचा पुढारी आहे आणि याच दाव्यातला प्रतिवादीही. हुकूम मोडावा तर लोक आनंदाने तुरुंगात जातील, मुलेबाळे वाऱ्यावर पडतील, आणि जे सरकार आतापर्यंत या भांडणात थेट विरुद्ध उभे नव्हते ते विरुद्ध उभे राहील. हुकूम पाळावा तर पुढाऱ्याने कच खाल्ली असे म्हणायला अर्धा महाराष्ट्र टपून बसला आहे. शेवटी सत्याग्रह तहकूब होतो. मोठी मिरवणूक निघते, तळ्याला वळसा घालते, काठाकाठाने चालत परत मंडपात येते. कोणीही पाण्यात हात घालत नाही.

माझे मत सांगतो. त्या दिवशी तळ्यात उतरण्यापेक्षा न उतरायला जास्त धाडस लागले. ज्या कोर्टात न्यायाधीश, वकील, कारकून, बेलिफ सगळे स्पृश्य, ज्या कायद्यात 'वहिवाट' या नावाखाली अन्यायालाही हक्काचा मान मिळू शकतो, त्या कोर्टावर हजारो माणसांची ही ठेव त्यांनी ठेवली. ती भाबडेपणाने ठेवली नव्हती. वहिवाट कायद्याने सिद्ध कशी करावी लागते, हे वादींपेक्षा प्रतिवादीला चांगले ठाऊक होते. तिच्यासाठी नुसते "पूर्वीपासून चालत आले" हे सांगून भागत नाही. ती अनादि असावी लागते, अखंड असावी लागते, निश्चित असावी लागते आणि वाजवीही असावी लागते. आणि पुरावा द्यायचा असतो तो दावा करणाऱ्याने.

दावा रेंगाळतो. मनाई हुकूम १९२८ च्या फेब्रुवारीत उठला, महाडच्या कोर्टाने जून १९३१ मध्ये दावा फेटाळला, ठाण्याचे अपील जानेवारी १९३३ मध्ये फेटाळले गेले, आणि कागद हायकोर्टाच्या रांगेत जाऊन बसले. तारखा पडत राहतात. दरम्यान गोलमेज परिषदा झाल्या, पुणे करार झाला. तुम्ही सामान्य पक्षकार असता तर दाव्याचा नंबर एव्हाना विसरला असता.

१९३४. मुंबईच्या एका मॅजिस्ट्रेट कोर्टात डोकावा, फार वेळ नको. 'समाजस्वास्थ्य' चालवणारे रघुनाथ धोंडो कर्वे आरोपीच्या जागी आहेत. वाचकांनी लैंगिक बाबतीत विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी सरळ उत्तरे छापली, म्हणून अश्लीलतेचा खटला. बचावाला आंबेडकर. इथे मते मिळणार नाहीत, कौतुक मिळणार नाही, आणि हा खटला ते हरतातही. कर्व्यांना दंड होतो. ज्या वकिलाच्या पाठीमागे अख्खा समाज आहे तो अशा एकट्या पडलेल्या संपादकासाठी उभा राहतो, ही गोष्ट मराठी माणसाला फार उशिरा आठवली.

जून १९३५. तुम्ही आता विद्यार्थी आहात, गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजच्या वर्गात, मधल्या बाकावर. १८५५ पासूनचे हे कॉलेज. १९२८-२९ मध्ये आंबेडकरांनी इथे काही काळ शिकवले होते, आता ते प्राचार्य म्हणून येत आहेत. वर्गात कुजबुज आहे. कोणीतरी सांगते, त्यांची पत्नी गेली. खरे आहे ते. रमाबाई २७ मे रोजी दादरच्या राजगृहात वारल्या. आठवडा उलटायच्या आत त्यांनी प्राचार्यपदाची सूत्रे हाती घेतली. तुमच्या बाकावरचा पोरगा म्हणतो, "सर येतील का आज?" सर येतात.

ते काय शिकवत ते त्यांच्या टिपणांवरून आजही कळते. इंग्लंडची राज्यघटना. मुदतीचा कायदा, पुराव्याचा कायदा, मालमत्ता हस्तांतरण, फौजदारी कार्यपद्धती. आणि न्यासाचा, म्हणजे ट्रस्टचा कायदा. या शेवटच्या टिपणाशी मी पुन्हा पुन्हा थांबतो. तुमच्याही वहीत तो तास उतरवून घ्या. मालमत्ता नावावर विश्वस्ताची, पण लाभ दुसऱ्याचा. विश्वस्ताने ती स्वतःच्या वस्तूइतकी जपायची. तिच्यातून स्वतःचा फायदा काढायचा नाही. सोपवलेले काम मनाला येईल तसे तिसऱ्याच्या गळ्यात टाकायचे नाही. हिशेब चोख ठेवायचा आणि मागितला की दाखवायचा. परीक्षेपुरते हे १८८२ च्या कायद्यातले चार मुद्दे आहेत. पण समोर उभ्या माणसाकडे पाहा, त्याची वकिली आणि राजकारण या चार मुद्द्यांवरच चालले आहे.

१९३६ मध्ये कॉलेजच्या मासिकात त्यांनी मुंबई इलाख्यातल्या कायद्याच्या शिक्षणावर लेख लिहिला. कलमे घोकून वकील तयार होत नाही, त्याला कायद्याच्या मूलतत्त्वांची पकड हवी, इतर विषयांचे वाचन हवे, मुद्दा सुसंगत मांडता आला पाहिजे, असा त्याचा रोख. सिनेटमध्ये मागासवर्गाचा माणूस बसला पाहिजे म्हणून १९२७ मध्येच ते मुंबई विद्यापीठाच्या विधेयकावर कौन्सिलात भांडले होते. विद्यापीठ कोणाच्या हातात आहे यावर तिथे काय शिकवले जाईल आणि कोणाला शिकवले जाईल हे ठरते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

१७ मार्च १९३७. लॉ कॉलेजचे प्राचार्य आज हायकोर्टातल्या एका निकालात प्रतिवादी आहेत. चवदार तळे. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया. या ब्रूमफील्डना तुम्ही ओळखता. १९२२ मध्ये अहमदाबादेत गांधींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश हेच. निकाल कोरडा आहे, कान देऊन ऐका. तळे नगरपालिकेकडचे. वादींनी सांगितलेली अनादि वहिवाट त्यांना सिद्ध करता आली नाही. देवळाची गोष्ट वेगळी, हे उघड्यावरचे मोठे तळे आहे. अपील फेटाळले. ही वहिवाट गैरवाजवी किंवा लोकहिताविरुद्ध आहे का, या प्रश्नात शिरायची गरज कोर्टाला उरली नाही.

तुम्हाला इथे थोडे हिरमुसल्यासारखे होईल. अस्पृश्यता चुकीची आहे असे कोणी म्हटलेच नाही. पुरावा पुरला नाही, एवढेच. मलाही ते खुपते. पण तळ्यावर पहिल्यांदा पाणी प्यायल्याला दहा वर्षे व्हायला तीन दिवस कमी असताना, सगळे दरवाजे ओलांडून, तळे कायद्याने खुले झाले. आणि जो प्रश्न कोर्टाने उत्तराविना सोडला त्याचे उत्तर प्रतिवादीने पुढे स्वतः लिहिले. संविधानाचे पंधरावे कलम उघडा, दुसरे उपकलम. सार्वजनिक विहिरी, तलाव, स्नानघाट वापरायला धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही अडवता येणार नाही. तलाव तिथे आहे. सतराव्या कलमाने अस्पृश्यता गेली, पण मी पंधराव्यातल्या त्या तलावावर जास्त वेळ रेंगाळतो.

मधली वर्षे, मजूर पक्ष, व्हाइसरॉयचे मंडळ, घटना समिती, ही तुम्हाला पाठ आहेत. तिथे थांबू नका. २० जून १९४६ ला मरीन लाइन्सला या. युद्धासाठी बांधलेल्या लष्करी बराकी आहेत, वर पत्रे. पाऊस इतका वाजतो की प्राध्यापकाला खडू ठेवून थांबावे लागते. हे सिद्धार्थ कॉलेज. आदल्या वर्षी, ८ जुलै १९४५ ला, बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि तिचे अध्यक्ष झाले. वर्ग सकाळी भरतात, कारण पोरांना दहा-साडेदहाला कामावर हजर राहायचे असते. तुमच्या पुढचा मुलगा रेल्वेच्या ऑफिसात आहे, वहीच्या शेवटच्या पानावर त्याने पगाराचा हिशेब मांडलाय. सगळ्या जातींची मुले आहेत इथे. संस्था दलितांची, दार सर्वांना. याबद्दल तेव्हाही कुरकुर झाली असेल, पण विश्वस्ताने दार अरुंद ठेवले नाही.

मग औरंगाबाद, छावणी. १९५० मध्ये कॉलेज सुरू झाले. मराठवाड्यात निझामी नुकतीच संपली आहे, पदवीसाठी पोरांना हैदराबादची वाट धरावी लागे. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद कोनशिला बसवायला आले आहेत. कायदेमंत्री शेजारी उभे आहेत. हिंदू कोड बिलावरून त्याच महिन्याअखेर ते मंत्रिपद सोडतील. कार्यक्रम आटोपला, पाहुणे गेले, तुम्ही मात्र थांबा. बाबासाहेब माळावर फिरत आहेत. इमारत कुठे, वसतिगृह कुठे, झाडे कुठे. देशाचे कायदे लिहिणारा माणूस पाण्याची पाइपलाइन कुठून येणार यात इतका गुंतलेला पाहून नवल वाटू देऊ नका. कॉलेजला पुढे मिलिंद हे नाव मिळाले, नागसेन भिक्खूला प्रश्नांनी घेरणाऱ्या राजाचे. प्रश्न विचारणाऱ्याच्या नावाने कॉलेज.

जून १९५६. प्रकृती पार ढासळली आहे, हाती जेमतेम सहा महिने आहेत. सोसायटीचे नवे कॉलेज मुंबईत, फोर्टात सुरू होत आहे: सिद्धार्थ कायदा महाविद्यालय. प्रवेशाच्या खिडकीशी रांग आहे. पुढच्या मुलाच्या अर्जावर पालकाची सही हवी. त्याचा बाप परळच्या गिरणीत आहे, रजा टाकून सोबत आला आहे. कारकून शाईची गादी पुढे करतो. बाप अंगठा उमटवतो, आणि मुलगा त्याच्याखाली आपल्या हाताने पूर्ण नाव लिहितो. रांग पुढे सरकते. तुमचा नंबर आला आहे, अर्ज पुढे करा.